कुलूप सदोष, शिक्षा घरमालकाला

चोरी झाल्यावर पंचनाम्याला आलेला हवालदार चोराचा माग काढण्याआधी घरमालकालाच दरडावतो : "कडी नीट लावली होती का?" गरीब वस्त्यांना हा अनुभव नवा नाही. संगणकाच्या क्षेत्रात या हवालदारी वृत्तीला आता शास्त्राची प्रतिष्ठा लाभली आहे. घरच्या संगणकात व्हायरस शिरला, मुलांच्या छायाचित्रांपासून पतसंस्थेच्या हिशेबापर्यंत सारे काही कुलूपबंद झाले आणि पडद्यावर खंडणीची मागणी झळकली, की सरकारी पत्रके, बँकांचे संदेश आणि वृत्तपत्रांतील तज्ज्ञांचे स्तंभ एकाच सुरात गाऊ लागतात. तुम्ही अनोळखी लिंक उघडलीत. तुम्ही पासवर्ड दुबळा ठेवलात. तुम्ही अपडेट लांबणीवर टाकलेत. ज्याच्यावर गुन्हा घडला तोच आरोपी! कुलूप ज्याने बनविले, त्यात भोक राहू दिले आणि ते विकून नफा गाठीला बांधला, त्याचे नाव या साऱ्या उपदेशात औषधालाही सापडत नाही.

या उपदेशातील एकेक वाक्य सुटे घेतले तर ते खोटे नाही. पासवर्ड बळकट असावा, दुरुस्त्या वेळेवर बसवाव्यात, परक्या ई-मेलसोबत आलेली फाईल उघडू नये, हे सारे बरोबरच आहे आणि त्याचा विचार पुढे यावयाचाच आहे. आक्षेप आहे तो या वाक्यांतून उभ्या केल्या जाणाऱ्या चित्राला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा गोऱ्या अंमलदारांना चाळींतील कोंदट खोल्या आणि तुंबलेली गटारे यांपेक्षा नेटिवांच्या सवयीच अधिक दिसत होत्या. सवयी सुधारा म्हटले की गटारांचा खर्च वाचतो. रोग सार्वजनिक आणि इलाज मात्र खाजगी, ही युक्ती तेव्हापासूनची आहे.

व्हायरस हा शब्दच मुळी दिशाभूल करणारा आहे. जीवशास्त्रातला विषाणू निसर्गात निपजतो. संगणकातला विषाणू कोणीतरी बसून लिहिलेला असतो आणि तो ज्या वाटेने आत शिरतो ती वाटही कोणाच्या तरी कारखान्यात उघडी राहिलेली असते. १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोघा भावांनी 'ब्रेन' नावाची आज्ञावली लिहिली. आयबीएम पद्धतीच्या वैयक्तिक संगणकांवर पसरलेला तो पहिला व्हायरस मानला जातो. आपल्या सॉफ्टवेअरची चोरटी नक्कल करणाऱ्यांना धडा शिकविण्याचा हेतू त्यांनी सांगितला, आणि प्रामाणिकपणा असा की त्या आज्ञावलीत स्वतःची नावे, दुकानाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांकही त्यांनी घालून ठेवला होता. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर तो जगभर गेला. आजचा विषाणूकार पत्ता ठेवीत नाही. आज या धंद्यात रीतसर श्रमविभागणी झालेली आहे : एकजण खंडणीची आज्ञावली लिहितो, दुसरा ती भाड्याने घेतो, तिसरा चोरलेले पासवर्ड घाऊक बाजारात विकतो आणि चौथा आभासी चलनात वसुली करतो. साध्या घरगुती संगणकालाही या बाजारात भाव आहे. त्याच्यातून बँकेचे खाते उघडता येते, त्याला वेठीस धरून इतरांवर हल्ले चढविता येतात, त्याच्या विजेवर आणि शक्तीवर आभासी नाणी पाडता येतात. मालकाला कळते ते एवढेच की यंत्र हल्ली फार मंद चालते आणि पंखा सारखा घोंघावतो.

सुरक्षितता घरात नव्हे, कारखान्यात ठरते, याचे पुरावे मायक्रोसॉफ्टच्याच इतिहासात पडलेले आहेत. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून 'आय लव्ह यू' नावाचा ई-मेल सुटला आणि काही तासांत युरोप-अमेरिकेतील कचेऱ्या बंद पडल्या. लोकांनी प्रेमपत्र समजून फाईल उघडली, म्हणून त्यांची यथेच्छ टवाळी झाली. परंतु त्या फाईलचे नाव वाचणाऱ्याला अर्धेच दिसत होते. साधा मजकूर दर्शविणारे '.टीएक्सटी' हे अक्षर-शेपूट दिसे आणि आज्ञावली दर्शविणारे त्यापुढचे '.व्हीबीएस' हे खरे शेपूट विंडोज स्वतः होऊन लपवून ठेवी. पाव शतक लोटले तरी फाईलचे शेपूट लपविण्याची ती सवय या प्रणालीने सोडलेली नाही. ते दिसावे असे वाटत असेल तर वापरणाऱ्यानेच खोलात जाऊन मांडणी बदलावी लागते. वर्डच्या फाईलमध्ये दडलेल्या 'मॅक्रो' या छोट्या आज्ञावल्यांचा धोका १९९९ च्या 'मेलिसा' व्हायरसने साऱ्या जगाला दाखविला होता. इंटरनेटवरून आलेल्या फाईलींतील मॅक्रो मुळातच बंद ठेवण्याचा निर्णय कंपनीने अंमलात आणला तो २०२२ साली. तेवीस वर्षे!

पेन ड्राइव्हची गोष्ट तर महाराष्ट्रातील प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानाला ठाऊक आहे. पेन ड्राइव्ह खोचताच त्यातील आज्ञावली चालू करण्याचा पर्याय पुढे यावा, अशी सोय विंडोजमध्ये होती. या सोयीच्या पाठीवर बसून २००८ मध्ये सुटलेला 'कॉन्फिकर' आणि त्याची भावंडे वर्षानुवर्षे फिरली. "परका पेन ड्राइव्ह लावू नका" अशा सूचना सर्वत्र चिकटल्या, आणि पेन ड्राइव्ह लावले जातच राहिले, कारण कामच त्यावाचून होत नव्हते. अखेर २०११ च्या फेब्रुवारीत कंपनीने जुन्या प्रणालींवरही ही सोय अपडेटद्वारे बंद केली, आणि काही महिन्यांतच या मार्गाची लागण लक्षणीय प्रमाणात घटल्याचे तिनेच जाहीर केले. वर्षानुवर्षांच्या उपदेशाने जे साधले नाही ते कारखान्यातील एका निर्णयाने साधले. मग तो निर्णय आधी का झाला नाही, हा प्रश्न विचारला की तज्ज्ञमंडळी एकदम मौनव्रत धारण करतात.

कारखानदार आणि राज्यसत्ता यांची गाठ कोठे पडते हे पाहावयाचे तर २०१७ सालाकडे वळावे. विंडोजमधील एक गंभीर भोक अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला, म्हणजे एनएसएला, सापडले होते. ते तत्काळ बुजवून घेणे हे सुरक्षेचे नाव धारण करणाऱ्या संस्थेचे पहिले कर्तव्य. तिने त्या भोकातून आत शिरण्याचे 'इटर्नलब्लू' नावाचे हत्यार घडविले आणि कित्येक वर्षे ते स्वतःच्या कोठारात जपून ठेवले. कोठार फुटले. १४ एप्रिल २०१७ रोजी 'शॅडो ब्रोकर्स' असे नाव घेणाऱ्या टोळीने ते हत्यार चव्हाट्यावर टाकले आणि १२ मे रोजी त्याच हत्याराच्या जोरावर 'वॉनाक्राय' ही खंडणीची साथ उसळली. सुमारे दीडशे देशांत दोन लाखांहून अधिक संगणक तिच्या तडाख्यात सापडले. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील २३६ पैकी किमान ८१ ट्रस्टांना तिची झळ पोचली आणि रुग्णांच्या सुमारे एकोणीस हजार ठरलेल्या भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा अंदाज आहे. आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणकही त्यात होते. साथ ओसरली ती कोणा महासत्तेच्या पराक्रमाने नव्हे. घरी बसून काम करणाऱ्या एका ब्रिटिश तरुणाने काही डॉलर खर्चून इंटरनेटवरील एक पत्ता स्वतःच्या नावे नोंदविला, आणि त्या आज्ञावलीची कळ तेथेच दबली. अमेरिकेने पुढे उत्तर कोरियाकडे बोट दाखविले. ते खरे धरले तरी हत्यार मूळचे कोणाच्या शस्त्रागारातले, हा प्रश्न शिल्लक उरतोच.

यावर कंपनीचा बचाव असा की दुरुस्ती १४ मार्चलाच देऊन झाली होती, आणि बाधितांपैकी बहुतेक जण विंडोज ७ वापरणारे, म्हणजे दुरुस्ती उपलब्ध असूनही न बसविणारे होते. मुद्दा खरा आहे. तो झटकून टाकण्यात अर्थ नाही. पण दुरुस्ती का बसविली जात नाही? कारण ती हातातले काम थांबवून येते, मोजून घेतलेल्या इंटरनेटचा घास घेते, आणि पुष्कळदा दहा वर्षे चाललेले जुने सॉफ्टवेअर किंवा प्रिंटर दुसऱ्या दिवशी निकामी करून जाते. जो एकदा पोळला तो पुन्हा 'नंतर' हेच बटन दाबतो. ज्यांच्याकडे २००१ सालचे एक्सपी होते, त्यांची कथा तर निराळीच. त्यांची देखभाल ८ एप्रिल २०१४ पासून बंद झाली होती. मात्र खास करार करून दाम मोजणाऱ्या बड्या गिऱ्हाइकांसाठी ती त्यानंतरही चालू होती. साथ सुटल्यावर कंपनीने लगोलग एक्सपीची दुरुस्तीही सर्वांना खुली केली. म्हणजे दुरुस्ती करणे अशक्य नव्हते. ती गरिबाला फुकट देणे तेवढे नामंजूर होते.

आणि ज्यांनी उपदेश तंतोतंत पाळला त्यांचे काय झाले, तेही त्याच वर्षी दिसले. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा विध्वंस सुरू झाला तो युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून. ज्यांनी अपडेट इमानेइतबारे घेतले तेच प्रथम बुडाले. मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक ठप्प झाले आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात तिच्या अखत्यारीतील टर्मिनलवर कंटेनर खोळंबून राहिले. तेथील कामगाराने कोणती लिंक उघडली होती?

साधा प्रेशर कुकर फुटला तर ग्राहकाला न्यायालयाचा दरवाजा ठोठावता येतो. संगणक-प्रणाली फुटली तर काय होते? ती प्रथम सुरू करताना 'मान्य आहे' हे बटन दाबून घेतलेले असते, आणि ज्या करारनाम्यावर ते दाबले जाते त्याचा मथितार्थ असा की माल आहे तसा आहे, तो चालेल याची हमी नाही आणि भरपाई झालीच तर फार तर दिलेल्या किमतीपुरती. हा करारनामा वाचून सही करणारा मनुष्य अद्याप जन्माला यावयाचा आहे. २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तयार सॉफ्टवेअर हा 'माल' आहे असा निर्वाळा दिला, तो विक्रीकर वसूल करण्यापुरता. कर घेताना जो माल ठरतो, तो नुकसानभरपाई देताना हवेत विरतो! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे, पण उत्पादनाच्या व्याख्येत सॉफ्टवेअरचा स्पष्ट उल्लेख नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३ वे कलम व्हायरस सोडणाऱ्याला जबाबदार धरते. भोक ठेवणाऱ्याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. युरोपीय संघाने मात्र २०२४ मध्ये सॉफ्टवेअरला उत्पादन-दायित्वाच्या कक्षेत आणले, आणि त्याच वर्षी अंमलात आलेल्या सायबर रेझिलियन्स कायद्याने उत्पादकांवर सुरक्षा-दुरुस्त्या देण्याचे बंधन घातले. त्याच्या मुख्य तरतुदी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाच्या आहेत. युरोपातील सरकारे काही समाजवादी नव्हेत. तेथे ग्राहक संघटित आहेत, एवढेच.

विंडोज १० च्या प्रकरणात हा फरक रोकड्या रूपात दिसला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी या प्रणालीची मोफत देखभाल संपली. विंडोज ११ घ्यावी तर त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती आणि सर्वसाधारणपणे २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर आवश्यक; म्हणजे धडधाकट चालणारी असंख्य यंत्रे एका तारखेला कायदेशीर भंगार ठरली. घरगुती ग्राहकाला आणखी एका वर्षाच्या दुरुस्त्या, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, देऊ केल्या गेल्या त्या तीस डॉलर भरून, अथवा आपल्या संगणकाची मांडणी कंपनीच्या खात्यात साठविण्यास संमती देऊन. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील ग्राहक संघटनांनी आवाज उठविताच तेथे ही पैशांची वा साठवणीची अट काढून टाकण्यात आली. कंपनीच्या खात्याने प्रवेश करण्याची अट तेवढी राहिली. पुण्यातील किंवा परभणीतील घरातला संगणक आणि पॅरिसमधील घरातला संगणक यांतील भोक एकच. एकाला मलमपट्टी फुकट, दुसऱ्याला दाम किंवा माहिती मोजून.

या भीतीवर पोसला गेलेला दुसरा धंदा म्हणजे अँटिव्हायरसचा. त्यातील सारेच लबाड, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्यात कॅल्क्युलेटर-दुरुस्तीच्या दुकानातून उभी राहिलेली क्विक हील ही कंपनी मराठी तरुणांच्या कर्तबगारीचे उदाहरण आहे, आणि २०१७ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रातून तिचे सफाईचे साधन नागरिकांना मोफत मिळू लागले हेही नमूद केले पाहिजे. पण राखणदारच घराची नोंदवही बाजारात विकू लागला तर? अवास्ट या नामांकित कंपनीने २०१४ ते २०२० या काळात आपल्या ग्राहकांच्या इंटरनेटवरील भ्रमंतीची माहिती 'जंपशॉट' या पोटकंपनीमार्फत शंभरावर खरेदीदारांना विकली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले. नॉर्टनने २०२१ मध्ये आपल्या अँटिव्हायरसबरोबर ग्राहकाच्याच संगणकावर आभासी चलन पाडण्याची सोय जोडली आणि त्या मिळकतीत पंधरा टक्के वाटा ठेवला. २०२२ मध्ये या दोन्ही कंपन्या एकत्र झाल्या. विंडोजमध्ये आता मुळातच असलेले डिफेंडर बहुतेक घरांना पुरेसे आहे ही गोष्ट विक्रेता सांगणार नाही, कारण ती सांगण्यात कमिशन नाही.

"कार्यकर्त्याच्या संगणकात चोरण्यासारखे असते तरी काय? चार ठराव आणि सभासदांची यादी," असे हसत म्हणणारे साथी चळवळीत आजही भेटतात. त्यांनी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपचे प्रकरण मुळातून वाचावे. भीमा-कोरेगाव खटल्यातील या आरोपीच्या दिल्लीतील घरून १७ एप्रिल २०१८ रोजी पुणे पोलिसांनी तो लॅपटॉप जप्त केला. आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन तपास-संस्थेने बचाव पक्षाच्या विनंतीवरून त्याच्या प्रतीची छाननी केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये उघड झालेल्या तिच्या अहवालाप्रमाणे १३ जून २०१६ रोजी परिचित सहकाऱ्याच्या खात्यावरून आलेल्या ई-मेलमधील फाईल उघडली गेली आणि 'नेटवायर' ही टेहळणीची आज्ञावली आत बसली. पुढील बावीस महिने तो लॅपटॉप परक्या हाती होता, आणि आरोपाचा आधार बनलेली पत्रे एका लपविलेल्या फोल्डरमध्ये बाहेरून ठेवण्यात आली. त्या फोल्डरशी शेवटची छेडछाड झाली ती छाप्याच्या आदल्या दिवशी. स्टॅन स्वामी यांचा ५ जुलै २०२१ रोजी कैदेत असताना मृत्यू झाला. त्यांच्या संगणकाबाबत त्याच संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये तसाच निष्कर्ष काढला. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत आणि ते न्यायालयात तावून सुलाखून निघावयाचे आहेत. परंतु जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विल्सन यांना जामीन दिला तेव्हा साडेसहा वर्षे तुरुंगात जाऊनही आरोपनिश्चिती झालेली नव्हती, ही गोष्ट निर्विवाद आहे. आणि नेटवायर म्हणजे काही महासत्तेचे गुप्त अस्त्र नव्हे. ते इंटरनेटवर उघड विकले जाई, कोणालाही परवडेल अशा दरात. त्याचे विक्रीकेंद्र पोलिसांनी बंद केले ते २०२३ च्या मार्चमध्ये. घरच्या संगणकाची स्वच्छता ही हौशी लोकांची बाब आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या तारखा भिंतीवर लिहून ठेवाव्यात.

कार्यालयांची स्थिती मात्र शोचनीय आहे. एकच जुना संगणक, त्यावर विंडोज ७ ची चोरटी प्रत, पत्रके जुळविण्यासाठी पेजमेकर आणि जुन्या फाँटांत अडकलेला मराठी मजकूर, सर्वांना ठाऊक असलेला एकच पासवर्ड, आणि छापखाना, डीटीपीचे दुकान व कार्यालय यांमध्ये फेऱ्या मारणारा एक पेन ड्राइव्ह, ज्यातील फाईली अधूनमधून 'शॉर्टकट' होऊन बसतात. चोरटी प्रत वापरण्याला काही जण मक्तेदारीविरुद्धचा लढा असे भारदस्त नाव देतात. हा निव्वळ भ्रम आहे. कुलूप तोडणारी जी छोटी आज्ञावली 'क्रॅक' म्हणून फुकट वाटली जाते, ती चालविताना अँटिव्हायरस बंद करावयास सांगितले जाते. चोराच्या सांगण्यावरून कुत्रा बांधून ठेवण्यापैकीच ते आहे. शिवाय मक्तेदाराचे त्यात काहीच बिघडत नाही. १९९८ मध्ये बिल गेट्स यांनी चीनबद्दल बोलताना, लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचेच चोरावे, सवय लागली की पुढे वसुलीचा मार्ग सापडेल, अशा अर्थाचे उद्गार उघडपणे काढले होते. सवय लागली आहे, हे कोणत्याही कार्यालयात जाऊन पाहता येईल.

तेव्हा कायद्याची वाट पाहत हातावर हात ठेवून बसणे परवडणारे नाही. गटारे होईपर्यंत पाणी उकळून प्यावेच लागते. रोजचे काम साध्या खात्यातून करावे आणि प्रशासकाचे खाते सॉफ्टवेअर बसविण्यापुरतेच उघडावे. आत शिरलेल्या आज्ञावलीला सहसा वापरणाऱ्याइतकेच अधिकार मिळतात, हे यामागचे साधे कारण. दुरुस्त्या आपोआप येऊ द्याव्यात. महत्त्वाच्या फाईलींची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ती डिस्क संगणकापासून अलग ठेवावी, कारण खंडणीखोर आज्ञावली जोडलेले सर्व काही कुलूपबंद करते. आणि ती प्रत उघडते की नाही हे अधूनमधून पाहावे, नाहीतर ती असून नसल्यासारखीच. ओळखीच्या साथीकडून आलेली फाईलही अनपेक्षित असेल तर उघडण्याआधी फोन करून विचारावे. विल्सन प्रकरणात पत्र परक्याचे नव्हते. लागण झालीच तर प्रथम इंटरनेट तोडावे, पासवर्ड दुसऱ्या निरोगी यंत्रावरून बदलावेत आणि प्रणाली पुसून नव्याने बसवावी. खंडणी देऊ नये. युरोपोल आणि डच पोलीस यांच्या सहभागाने २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'नो मोअर रॅन्सम' या उपक्रमात अनेक खंडणीखोर आज्ञावल्यांच्या किल्ल्या मोफत मिळतात.

ज्या यंत्रावर विंडोज ११ चालत नाही त्यावर लिनक्सची मुक्त प्रणाली बहुधा उत्तम चालते आणि तिची दुरुस्ती फुकट मिळते. ती निर्दोष आहे असा दावा करण्याचे कारण नाही. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या तिच्या एका छोट्या घटकात कोणीतरी चोरदरवाजा बसविल्याचे उघड झाले. त्या घटकाची देखभाल प्रामुख्याने एक बिनपगारी स्वयंसेवक करीत होता, आणि कारस्थान पकडले गेले ते एका अभियंत्याला अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला म्हणून. मूळ संहिता सर्वांपुढे उघडी होती, म्हणूनच ते पकडता आले. मात्र सगळ्या जगाने वापरावे आणि राबावे एकाने, ही व्यवस्था टिकणारी नाही. सार्वजनिक पैसा लागावयाचा तो येथे.

त्यामुळे सायबर जागृती सप्ताहाची भित्तिपत्रके पुरेशी नाहीत. ग्राहक संरक्षण कायद्यातील उत्पादनाच्या व्याख्येत सॉफ्टवेअर स्पष्टपणे घालावे. यंत्र चालू स्थितीत आहे तोवर सुरक्षा-दुरुस्ती मोफत देण्याचे बंधन विक्रेत्यावर टाकावे, आणि युरोपला दिलेली सवलत भारताला का नाही याचा जाब विचारावा. सरकारी यंत्रणांना सापडलेली भोके ठरावीक मुदतीत उत्पादकाला कळविण्याची सक्ती असावी. पैसा नाही, तंत्र नाही, ही सबब चालणार नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने 'बॉस' ही लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणाली २००७ मध्येच बाहेर आणली. केरळने या शतकाच्या पहिल्या दशकातच सरकारी शाळांतील संगणक मुक्त प्रणालीवर आणले. खुद्द संरक्षण मंत्रालय आपल्या संगणकांवर विंडोजच्या जागी 'माया' ही प्रणाली बसवीत असल्याचे वृत्त २०२३ च्या ऑगस्टमध्ये आले. साउथ ब्लॉकमधील यंत्रांसाठी जे शक्य झाले, ते जिल्हा परिषदांच्या शाळा, ग्रामपंचायती आणि सहकारी पतसंस्था यांच्या संगणकांसाठी का केले जात नाही, आणि १४ ऑक्टोबर २०२५ नंतर दुरुस्तीविना पडलेल्या सरकारी यंत्रांची संख्या किती, हे दोन प्रश्न राज्याच्या येत्या अधिवेशनात लेखी विचारले गेले पाहिजेत.